सूक्ष्मजीव आणि प्रथिनं: कोल्हापुरात हमखास विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना प्रश्न फक्त वर्गातून येत नाहीत. ऊस लावणारे पालक विचारतात, डेअरीला दूध घालणाऱ्या काकी विचारतात, तालमीतली पोरं विचारतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लहानमोठी आहेत. ऊस आणि दूध यांवर आपल्या जिल्ह्याचं पोट चालतं, म्हणून तिथे मी जास्त थांबले आहे.

प्रथिनं म्हणजे डाळ, अंडी, मटण ना? त्यांचा जंतूंशी काय संबंध?

खाण्यातली प्रथिनं ही एक बाजू झाली. पेशीच्या आत प्रथिनं कामकरी असतात. २० प्रकारच्या अमिनो आम्लांची साखळी तयार होते, ती ठरावीक पद्धतीने दुमडते आणि त्या आकारावर तिचं काम ठरतं. जी प्रथिनं रासायनिक क्रिया घडवून आणतात त्यांना आपण एन्झाइम म्हणतो. जिवाणूला तोंड नाही, दात नाहीत, जठर नाही. अन्न फोडायचं, साखर आत ओढायची, औषधाचा बंदोबस्त करायचा, हे सगळं तो प्रथिनांकडून करून घेतो.

हे पक्कं केलं एडुआर्ड बुखनर या जर्मन शास्त्रज्ञाने, १८९७ मध्ये. त्याने यीस्ट वाळूबरोबर घोटून पेशी फोडल्या, दाबून रस काढला आणि त्यात साखर घातली. एकही जिवंत पेशी नसताना तो रस फसफसू लागला. आंबवण्यासाठी जिवंत पेशीच लागते ही तोवरची समजूत त्या रसाने मोडली. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं.

म्हणून विद्यार्थ्यांना पहिल्याच तासाला सांगते, की जंतू चांगला का वाईट एवढंच विचारून थांबू नका. त्याचं कुठलं प्रथिन कशावर काम करतंय ते विचारा. जंतू मेला तरी त्याचं प्रथिन मागे राहून काम करू शकतं, आणि जंतू बाजूला ठेवून नुसतं त्याचं प्रथिन आपण कामाला लावू शकतो. खालच्या बहुतेक उत्तरांत हेच दिसेल.

तोडलेला ऊस फडात दोन-तीन दिवस पडला की वजन घटतं हे कळतं, पण साखर कशी घटते?

वजन घटतं ते पाणी उडाल्यामुळे. साखर घटते ती एन्झाइममुळे, आणि तीही दोन वाटांनी.

पहिली वाट उसाच्या स्वतःच्या पेशीतली. उसातली साखर म्हणजे सुक्रोज, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. उसात इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम असतं, ते ही जोडी तोडतं. तोडणी झाली की उसाची नवी साखर साठवणं थांबतं, पण इन्व्हर्टेजचं काम चालूच राहतं. ऊन जितकं कडक तितकं ते जोरात. कारखान्याला दाणेदार साखर मिळते ती अखंड सुक्रोजपासून. एकदा जोडी तुटली की ती साखर पोत्यात येत नाही, मळीत जाते.

दुसरी वाट बाहेरून येते. मातीत आणि उसाच्या सालीवर ल्यूकोनोस्टॉक नावाचा जिवाणू असतो. कोयत्याचा घाव बसला की उघड्या टोकातून तो आत शिरतो. तो डेक्स्ट्रानसुक्रेज हे एन्झाइम पेशीबाहेर सोडतो. हे एन्झाइम सुक्रोज तोडतं आणि त्यातले ग्लुकोज एकापुढे एक जोडून लांबलचक साखळी बनवतं. ती साखळी म्हणजे डेक्स्ट्रान. हाताला बुळबुळीत लागते. रसात डेक्स्ट्रान वाढलं की रस दाट होतो, गाळणी तुंबते, साखरेचे दाणे सुईसारखे लांबट येतात. शिवाय पोलॅरिमीटरवर साखरेचं प्रमाण मोजताना डेक्स्ट्रान फसवतं. ते प्रकाशाची दिशा साखरेपेक्षा कितीतरी जास्त वळवतं, त्यामुळे रस आहे त्याहून गोड दिसतो आणि प्रत्यक्षात साखरेचा उतारा कमी पडतो.

यावर औषधापेक्षा वेळ पाळणं महत्त्वाचं. टोळी आली, तोड झाली, की मोळ्या फडात किंवा गाडीत रखडता कामा नयेत. ऊस चिखलातून ओढू नये. टोकं चेचली जातील अशी तोड करू नये. जळक्या उसाची घाई तर त्याहून जास्त, कारण आगीने साल तडकते आणि जिवाणूला शंभर दारं उघडी मिळतात.

एक गोष्ट मला फार आवडते. कारखान्याला नकोसं झालेलं हेच डेक्स्ट्रान प्रथिनांच्या अभ्यासात अतिशय मोलाचं आहे. त्याच्या साखळ्या एकमेकींना बांधून केलेले बारीक मणी १९५९ मध्ये स्वीडनमध्ये सेफाडेक्स या नावाने बाजारात आले. नळीत हे मणी भरून वरून प्रथिनांचं मिश्रण सोडलं की मोठी प्रथिनं आधी खाली येतात आणि लहान प्रथिनं मण्यांच्या आत-बाहेर करत मागून येतात. जगभरच्या प्रयोगशाळांनी अशा नळ्यांवर प्रथिनं वेगळी केली आहेत.

शिळ्या उसाचा गूळ का जमत नाही? रवा (गुळाची ढेप) पाघळतो.

कारण तेच. सुक्रोज तुटून तयार झालेले ग्लुकोज आणि फ्रुक्टोज दाणा धरू देत नाहीत, आणि फ्रुक्टोज हवेतला ओलावा ओढून घेतं. काहिलीतला पाक ११५ अंशांच्या पुढे नेला, तरी मुळात रसातच तुटलेली साखर जास्त असेल तर वाफ्यात ओतल्यावर गूळ मऊ राहतो आणि पावसाळ्यात रव्याला पाणी सुटतं. गुळव्या रसाला चुना लावतो तोही यासाठी. आंबट रस तापला की एन्झाइमशिवायही सुक्रोज तुटतो. चुन्याने आम्लता कमी होते आणि साखर टिकते. चुना जास्त झाला तर मात्र गूळ काळपट पडतो, म्हणून तिथे गुळव्याचा हात आणि नजर लागते. त्या अनुभवाला मी मनापासून मानते. रसायनशास्त्र वाचून कुणी गुळव्या होत नाही.

रसवंतीवरचा रस ठेवला की काळा का पडतो? तो जंतूंमुळे का?

सुरुवातीचा काळेपणा जंतूंमुळे नसतो. उसातल्या पॉलिफिनॉल ऑक्सिडेज या एन्झाइममुळे तो येतो. कांडं चिरडलं गेलं की हवेतला ऑक्सिजन, उसातली फिनॉल द्रव्यं आणि हे एन्झाइम एकत्र येतात. कापलेलं वांगं काळं पडतं तेही असंच.

घरी करून बघण्यासारखं आहे. ताजा रस आणा आणि तीन काचेच्या पेल्यांत घ्या. पहिला तसाच ठेवा. दुसऱ्यात अर्धं लिंबू पिळा. तिसऱ्यातला रस आधी चांगला उकळून, गार करून ओता. तिन्ही पेले तासभर ओट्यावर ठेवा. पहिला हिरवट-काळा होतो, लिंबाचा बराच उजळ राहतो, आणि उकळलेल्याचा रंग पुढे फारसा बदलत नाही, कारण उष्णतेने एन्झाइमची घडी उलगडली. आम्लाने ते मंदावलं. प्रथिनाचा आकार बिघडला की काम बिघडतं, हे मुलांना इतक्या स्वस्तात दुसरीकडे दिसत नाही. प्रयोगातला रस नंतर पिऊ नका. तासाभरात खरोखरचे जंतूही वाढलेले असतात.

मळीपासून इथेनॉल करताना नेमकं काय होतं?

यीस्ट आपल्या भिंतीजवळच्या इन्व्हर्टेजने सुक्रोज तोडतं, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज आत घेतं आणि एकामागून एक दहा-बारा एन्झाइमच्या साहाय्याने त्याचं अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. फडात जे इन्व्हर्टेज शेतकऱ्याचं नुकसान करतं, तेच काम डिस्टिलरीच्या टाकीत उपयोगी पडतं.

म्हशीच्या दुधाचं दही एवढं घट्ट कसं लागतं? आणि दूध आधी उकळायलाच हवं का?

विरजणातले जिवाणू दुधातली लॅक्टोज साखर लॅक्टेज एन्झाइमने फोडतात आणि तिचं लॅक्टिक आम्ल करतात. दुधातलं मुख्य प्रथिन केसिन. त्याचे बारीक गोळे एकमेकांना दूर ढकलत दुधात तरंगत असतात. आम्लता वाढत पीएच ४.६ च्या आसपास आला की हे ढकलणं संपतं, गोळे एकमेकांना चिकटतात आणि त्यांचं जाळं पाण्याला आणि स्निग्धांशाला धरून ठेवतं. म्हशीच्या दुधात केसिन आणि स्निग्धांश दोन्ही गायीच्या दुधापेक्षा जास्त, म्हणून जाळं दाट.

उकळण्याने आणखी एक फायदा होतो, तो फारसा कुणी सांगत नाही. दुधात केसिनखेरीज लॅक्टोग्लोब्युलिन हे प्रथिन असतं. तापल्यावर त्याची घडी उलगडते आणि ते केसिनच्या गोळ्यांना जाऊन चिकटतं. त्यामुळे जाळं मजबूत होतं आणि दह्याला पाणी कमी सुटतं. दूध नीट उकळा, बोट सोसेल इतकं कोमट होऊ द्या, मग विरजण लावा. कडक गरम दुधात विरजण घातलं तर जिवाणूच मरतात.

गंगावेशीत डोळ्यांसमोर पिळलेलं धारोष्ण दूध पिणं चांगलं का वाईट?

हा प्रश्न विचारला की लोक माझ्या तोंडाकडे बघतात, कारण दूध कट्टा, म्हणजे जनावर समोर पिळून दूध देतात ती जागा, हा कोल्हापूरकरांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. मलाही आहे. ते दूध भेसळीचं नसतं, ताजं असतं आणि त्यात लायसोझाइम, लॅक्टोपेरॉक्सिडेज अशी जंतूंना थोपवणारी प्रथिनंही असतात. पण ती प्रथिनं ब्रुसेला या जिवाणूपुढे तुमचं रक्षण करतील अशी खात्री धरू नका. ब्रुसेला झालेलं जनावर वरून धडधाकट दिसू शकतं. माणसाला तो झाला तर ताप येतो-जातो, रात्री घाम फुटतो, कंबर आणि सांधे धरतात आणि निदान व्हायला वेळ लागतो. क्षयाचा जंतूही कच्च्या दुधातून येऊ शकतो. म्हणून माझं उत्तर स्पष्ट आहे: उकळून प्या. गरोदर बायका, लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांनी तर कच्चं दूध घेऊच नये.

ज्यांच्या दावणीला जनावरं आहेत त्यांनी चार ते आठ महिन्यांच्या वासरी-रेडींना ब्रुसेलाची लस आयुष्यात एकदा टोचून घ्यावी. गाभण जनावर गाभडलं तर वार आणि मेलेलं वासरू उघड्या हाताने उचलू नये.

पिशवीतलं दूध नीट पाश्चराइज झालंय हे डेअरीवाले कसं ओळखतात? एकेक जंतू थोडाच मोजतात?

इथेही एक प्रथिनच साक्ष देतं. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज हे एन्झाइम मुळातच असतं. दूध ७२ अंशांना १५ सेकंद तापवलं की ते निकामी होतं, आणि रोगकारक जंतूंपेक्षा ते उष्णतेत जरा जास्तच तग धरतं. तेव्हा ते मेलेलं आढळलं तर जंतू त्याआधीच गेले असं समजायचं. ते जिवंत सापडलं तर दूध नीट तापलं नाही किंवा त्यात कच्चं दूध मिसळलं. कच्चं दूध येतं तेव्हा निळ्या रंगाची एमबीआरटी चाचणीही होते. जंतू जितके जास्त तितका मिथिलीन ब्लूचा निळा रंग लवकर उडतो.

थंड टाकीतल्या दुधाचा धोका वेगळाच. काही जिवाणू गारठ्यातही वाढतात आणि प्रथिनं फोडणारी, स्निग्धांश फोडणारी एन्झाइम दुधात सोडतात. पुढे पाश्चरायझेशनमध्ये ते जिवाणू मरतात, पण त्यांची एन्झाइम उष्णतेतूनही टिकतात. म्हणून महिनोन्‌महिने टिकणाऱ्या खोक्यातल्या दुधालाही कधीकधी कडवट चव येते.

बासुंदी चांगली आटवून उकळलेली होती, तरी लग्नात विषबाधा कशी झाली?

हा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. बहुतेक वेळा उकळल्यानंतर काय झालं ते बघायला हवं. पातेलं मांडवात तासन्‌तास कोमट राहतं, वाढणाऱ्याच्या बोटावरच्या जखमेतून किंवा नाकाला लावलेल्या हातातून स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू त्यात जातो, वाढतो आणि विष सोडतो. ते विष म्हणजे एक प्रथिन, आणि ते विलक्षण चिवट आहे. अर्धा तास उकळूनही ते शिल्लक राहू शकतं. कुणीतरी म्हणतं, पुन्हा एक उकळी काढू. उकळीने जंतू मरतो, विष तसंच राहतं. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात.

त्यामुळे दुधाचे पदार्थ एकतर कडक गरम ठेवा नाहीतर बर्फात ठेवा. बोटाला जखम असलेल्याने वाढायला उभं राहू नये. शंका आली तर पातेलं टाकून द्या, परत तापवू नका.

दूध प्यायलं की पोट फुगतं, दह्याने काही होत नाही. असं का?

मोठं झाल्यावर अनेकांच्या आतड्यातलं लॅक्टेज कमी होतं. दह्यातल्या जिवाणूंनी काही लॅक्टोज आधीच संपवलेलं असतं, आणि त्यांचं लॅक्टेज आपल्या आतड्यातही थोडा वेळ मदत करतं.

तालमीतल्या पोरांनी व्हे पावडर घ्यावी का? त्यात काही भेसळीचं असतं का?

व्हे म्हणजे चीज करताना उरलेलं पाणी. दुधातल्या प्रथिनांपैकी साधारण ८० टक्के केसिन चीजमध्ये जातं आणि उरलेली २० टक्के प्रथिनं या पाण्यात राहतात. ते पाणी गाळून, वाळवून पावडर करतात. मूळ पदार्थात वाईट काही नाही.

यातही सूक्ष्मजीव आहेत. चीजसाठी दूध नासवायला पूर्वी वासराच्या जठरातलं रेनेट वापरायचे. त्यातलं कामाचं प्रथिन कायमोसिन. वासराचा कायमोसिनचा जनुक सूक्ष्मजीवात घालून तेच प्रथिन टाकीत तयार करायला अमेरिकेत १९९० मध्ये मंजुरी मिळाली. अन्नात वापरायला तिथे मान्यता मिळालेलं जनुकीय तंत्राने केलेलं ते पहिलं एन्झाइम. त्याचा वापर आज जगभर आहे.

पैलवानांना माझं सांगणं एवढंच: म्हशीच्या लिटरभर दुधात ४० ग्रॅमच्या आसपास प्रथिन असतं. खुराकात दूध, अंडी, मटण, डाळी नीट असतील तर डबा लागेलच असं नाही. घ्यायचा तर सीलबंद, बिल असलेला घ्या. सुट्या पुडीतली पावडर कुणीही दिली तरी घेऊ नका.

इन्सुलिन अजून डुकरापासून काढतात का? घरातली माणसं घ्यायला तयार नाहीत.

पूर्वी डुक्कर आणि गाय यांच्या स्वादुपिंडापासून काढायचे. १९७८ मध्ये मानवी इन्सुलिन ई. कोलाय जिवाणूकडून करून घेण्यात यश आलं आणि १९८२ मध्ये ते अमेरिकेत औषध म्हणून मंजूर झालं. आज मिळणारं बहुतेक सगळं इन्सुलिन जिवाणू किंवा यीस्टकडून तयार करून शुद्ध केलेलं असतं. इन्सुलिन म्हणजे ५१ अमिनो आम्लांचं छोटं प्रथिन. ते दोन साखळ्यांचं असून गंधकाच्या बंधांनी बांधलेलं असतं. साखळी तयार होणं सोपं, ती नीट दुमडणं अवघड. जिवाणूच्या पेशीत परकं प्रथिन पुष्कळदा गोळा होऊन बसतं आणि ते उलगडून पुन्हा नीट दुमडावं लागतं.

घरच्यांना अजून एक सांगा. बाटली बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर नेहमीसारखं दिसलं तरी त्याच्यावर भरवसा ठेवू नये, ते टाकून द्यावं.

कोल्हापुरी चपलेचा यात काही संबंध आहे का?

आहे, आणि तो अभिमानाचा आहे. कातडं म्हणजे मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन. ओल्या कातड्यावर जिवाणू पडले की त्यांची प्रथिनं फोडणारी एन्झाइम ते सडवतात. बाभळीची साल आणि हिरडा यांतली टॅनिन द्रव्यं कोलॅजेनच्या धाग्यांना जागोजागी बांधून टाकतात, मग त्या एन्झाइमना शिरकाव मिळत नाही. आपल्या कारागिरांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या हाताने सांभाळली.

त्या कोलॅजेनची रचना भारतातच उलगडली. जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कार्था यांनी १९५४ मध्ये मद्रासमधून मांडलं की त्यात तीन साखळ्यांचा पीळ असतो. प्रथिनाची साखळी कुठल्या कोनात वळू शकते आणि कुठल्या नाही हे दाखवणारा रामचंद्रन यांचा १९६३ चा आलेख आजही प्रत्येक नव्या प्रथिनाची रचना तपासताना काढला जातो. संगणकाने प्रथिनांच्या रचना वर्तवण्याच्या कामाला २०२४ चं नोबेल मिळालं. त्या रचनाही याच आलेखावर पारखतात.

सोयाबीनला रायझोबियम (मुळांवर गाठी करणारा जिवाणू) लावून खरंच फरक पडतो का? पाकीट लावलं तरी काही दिसत नाही.

दिसतं, पण रोप उपटून बघावं लागतं. पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक रोप मातीसकट हळूच काढा, मुळं धुवा, एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल रंग असेल तर ती काम करतेय. पांढरी असेल तर अजून कच्ची किंवा निकामी, हिरवट-तपकिरी असेल तर संपलेली. तो लाल रंग लेगहिमोग्लोबिनचा, म्हणजे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या कुळातल्या प्रथिनाचा. हवेतला नत्र पकडणारं नायट्रोजिनेज हे एन्झाइम ऑक्सिजनने लगेच निकामी होतं. लेगहिमोग्लोबिन ऑक्सिजन मोजून-मापून पुरवतं आणि त्याला वाचवतं. युरियासाठी लागणारा अमोनिया करताना कारखान्यात ४०० अंशांच्या वर तापमान आणि प्रचंड दाब लागतो. ही गाठ तेच काम शिवारातल्या मातीत करते.

फरक न दिसण्याचं कारण बहुधा हाताळणीत सापडतं. पाकीट दुकानाच्या दारात उन्हात पडलेलं असतं, मुदत संपलेली असते, किंवा बियाण्याला बुरशीनाशक आणि संवर्धक (पाकिटातलं रायझोबियम) एकदमच चोळलेलं असतं. १० किलो बियाण्याला २५० ग्रॅम या प्रमाणात, बुरशीनाशक आधी लावून वाळल्यावर, सावलीत चोळा आणि लगेच पेरा.

अँटिबायोटिक दोन दिवस घेऊन बरं वाटलं की थांबवलं तर काय होतं?

डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय थांबवू नका, आणि त्यांच्या चिठ्ठीशिवाय सुरूही करू नका. काही जिवाणूंकडे बीटा-लॅक्टमेज नावाची एन्झाइम असतात, ती पेनिसिलिनच्या कुळातली औषधं फोडून टाकतात. पेनिसिलिन सर्रास वापरात येण्याआधीच, १९४० मध्ये, असं एन्झाइम सापडलं होतं. आपण उगाच औषध घेतो तेव्हा साधे जिवाणू मरतात आणि ज्यांच्याकडे हे एन्झाइम आहे त्यांना रान मोकळं मिळतं. शिवाय त्याचा जनुक ते शेजारच्या दुसऱ्या जातीच्या जिवाणूलाही देऊ शकतात.

बारावीनंतर मायक्रोबायोलॉजी घ्यावी, बायोकेमिस्ट्री की बायोटेक्नॉलॉजी? इथे नोकरी मिळते का?

बी.एस्सी.च्या पातळीवर या तिन्हींचा पाया बराचसा एकच आहे. पुढे शिवाजी विद्यापीठात तिन्ही विषयांत पदव्युत्तर शिक्षण होतं, त्यामुळे कोल्हापूर सोडावंच लागतं असं नाही. नोकऱ्या डेअरीच्या गुणवत्ता विभागात, डिस्टिलरीत, पाणी तपासणीत, जैविक खतांच्या उत्पादनात असतात. औषध कंपन्यांसाठी पुणे, हैदराबाद, बंगळूरकडे बघावं लागतं. बायोटेक्नॉलॉजी या नावाच्या वलयावर मात्र जाऊ नका. प्रवेश घेण्याआधी कॉलेजच्या प्रयोगशाळेत जा, ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने सामान निर्जंतुक करणारं यंत्र) चालू आहे का बघा, आणि दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा: या वर्षी तुम्ही स्वतःच्या हाताने जंतू वाढवायच्या किती प्लेटा ओतल्या?